सुमनच्या कॅलिपरची पट्टी

माझी नोकरी कुणाला समजावून सांगायची वेळ आली की आमची आई म्हणायची, "आमची वसू कॉम्प्युटरवर लोखंड मोडून बघते." भोरच्या बाजारपेठेत तिच्या मैत्रिणींना एवढं पुरायचं. एकदा एकीनं विचारलं, "अन् मग कंपनीवाले वरडत न्हाईत व्हय?" त्यावर मात्र आईनं मला फोन करून तोच प्रश्न विचारला.

पंचवीसेक वर्षं ते काम करून निवृत्त झाल्यावर वाटतं, आईचं वर्णन अगदी बरोबर होतं. कामाचं नाव फायनाईट एलिमेंट ॲनालिसिस. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. आमच्या भोर-वेल्ह्याकडं भाताचं एकही खाचर धड चौकोनी नसतं. एक बाजू ओढ्याबरोबर वळलेली, दुसरी कातळाला अडलेली. अशा खाचराचं क्षेत्रफळ काढायला सूत्र नाही. मग मोजणीवाला काय करतो? त्याचे त्रिकोण पाडतो. त्रिकोणाचं क्षेत्रफळ शाळेतल्या मुलालाही काढता येतं. सगळे त्रिकोण मोजायचे आणि बेरीज करायची.

आम्ही लोखंडाच्या वस्तूचं तेच करत असू. ट्रकचा एखादा वेडावाकडा ब्रॅकेट घ्या. त्यावर वजन पडलं की कुठं किती ताण येईल, हे सांगणारं सूत्र कुठल्याही पुस्तकात नाही. मग कॉम्प्युटरवर त्याची आकृती काढून तिचे हजारो बारके तुकडे पाडायचे, जाळी विणल्यासारखे. एवढासा तुकडा स्प्रिंगसारखा वागतो असं धरता येतं, इतकं ओढलं की इतका ताणेल. शेजारच्या तुकड्यांचे कोपरे एकमेकांना जोडलेले, म्हणजे एक हलला की दुसऱ्यालाही हलावं लागणार. अशी हजारो समीकरणं तयार होतात आणि ती एकदम सोडवायची हमाली कॉम्प्युटर करतो. शेवटी रंगीत चित्र मिळतं. निळं म्हणजे निवांत, हिरवं-पिवळं म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे इथं मोडणार.

पुण्यातल्या आमच्या कंपनीत एकदा एक गिऱ्हाईक आलं होतं. त्यांच्या मशिनच्या पायाचं चित्र बघून ते अजिजीनं म्हणाले, "मॅडम, तेवढं लाल काढून देता का? आमच्या साहेबांना निळं आवडतं." मी म्हटलं, देते, पण त्यासाठी तुमचा पाया बदलावा लागेल. ते नाराज होऊन गेले. पुढं त्यांनी पाया बदलला, हेही सांगायला पाहिजे.

या कामात मशीनला तीन गोष्टी आपण सांगायच्या असतात. वस्तूचा आकार, कशाची बनवली आहे, आणि ती कुठं धरलेली आहे व कुठून तिच्यावर जोर पडतो. पहिल्या दोन कागदावर मिळतात. तिसरी मात्र माणसानं डोक्यानं ठरवायची. मशीन त्यात शहाणपणा करत नाही, सांगाल त्यावर विश्वास ठेवतं. हे मला वरिष्ठांनी पुष्कळदा सांगितलं होतं. पण पटलं ते सुमनमुळं.

सुमन आंबवड्याची. भोरला शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. लहानपणी पोलिओ होऊन तिचा डावा पाय गेलेला. कमरेपासून बुटापर्यंत कॅलिपर असायचं, म्हणजे पायाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, मांडीला आणि पिंडरीला चामड्याचे पट्टे, खाली जाड बूट. त्या लोखंडाच्या जोरावर ती चालायची, आणि आमच्यातल्या पुष्कळजणींच्या पुढं चालायची. पुढं मी इंजिनिअरिंगला गेले, ती डी.एड. करून शिक्षिका झाली. नेमणूक मिळाली वेल्ह्याच्या पलीकडं डोंगरातल्या एका वाडीवर. शाळा एकशिक्षकी. एस.टी. खालच्या गावापर्यंत जायची, तिथून वर पायवाट.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी सुट्टीला भोरला आले होते. एस.टी. स्टँडच्या मागं रशीदचाचांचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. नांगराच्या फाळापासून टेम्पोच्या हौद्यापर्यंत तालुक्यातलं निम्मं लोखंड त्यांच्या हाताखालून गेलेलं. आईची खिडकीची जाळी द्यायला मी तिथं गेले, तर बाकड्यावर सुमन बसलेली. कपाळावर खरचटलेलं, हात गळ्यात बांधलेला, आणि कॅलिपर रशीदचाचांच्या हातात. बाहेरच्या बाजूची पट्टी घोट्याच्या वर मोडून दोन तुकडे झालेले.

"अगं, हे काय झालं?"

"काय व्हायचंय? पडले. उतरताना कटकन आवाज झाला, खालच्या दगडावर हात टेकला म्हणून तोंड वाचलं."

रशीदचाचा तुकडे उलटसुलट करत होते. "वसू, तू इंजिनेर हायेस, तूच बघ. पैल्यांदा मोडली, म्या जोडून दिली. परत मोडली, तवा ती काढून दुसरी बसवली अन् वरनं जाड पट्टी मारली. आता जाड पट्टी साबूत हाय, अन् तिच्या कडंला मोडलंय. जाड केल्यावर आदीपेक्षा लवकर मोडलं! असं कुठं असतंय का?"

कॅलिपर पुण्यातल्या एका केंद्रातून मिळालेलं. तिथं नवीन मिळायचं, पण ते आधीच्यासारखंच असायचं आणि आधीच्यासारखंच मोडायचं. सुमनच्या भावानं आता धोशा लावला होता, की सपाटीवरच्या गावाला बदली माग, नाहीतर नोकरी सोड. पुढच्या वेळी खाली दरी असली तर काय करशील?

"बदली मिळेल की," सुमन म्हणाली. "अपंगांना आधी देतात. पण माझ्या आधीचे गुरुजी आठवड्यातनं दोनदा वर यायचे. पोरं शेरडांमागं. आता कुठं वाचायला लागलीत. दोन पोरी चौथीला आहेत." मग म्हणाली, "वसू, मला चढ जमतो, उतार जमतो. मोडतंय ते लोखंड. मी कशाला खाली येऊ?"

मी तुकडे मागून घेतले. पहिल्यांदा मोडलेली पट्टीही चाचांच्या भंगारात सापडली. मोडलेला भाग भिंगाखाली पाहिला, तर नदीकाठच्या शिंपल्यावर असतात तशा वळ्या दिसल्या. याला आमच्यात थकवा म्हणतात. तार एकदा वाकवून तुटत नाही, पण तीच पुन्हा पुन्हा इकडं तिकडं वाकवली की तुटते, तसं. बारीक चीर पडते, रोज थोडी वाढते, आणि एक दिवस उरलेलं लोखंड कमी पडतं. पहिल्या पट्टीची चीर सुरू झाली होती एका भोकाच्या काठावर. पट्टी लांबीला कमीजास्त करता यावी म्हणून घोट्याच्या वरच ओळीनं भोकं पाडलेली असतात, त्यातलं सगळ्यात खालचं भोक.

आमचे विभागप्रमुख कडक होते, पण तुकडे हातात घेऊन त्यांनी बराच वेळ पाहिले. म्हणाले, "शनिवारी दुपारी मशीन रिकामं असतं. माझी परवानगी आहे." त्या काळी मशीन म्हणजे सगळ्या विभागात मिळून मोजके कॉम्प्युटर, त्यांवर पाळ्या लागायच्या.

मी हौसेनं मॉडेल बनवलं. भोकांभोवती जाळी बारीक विणली, कारण तिथं ताण झपाट्यानं बदलतो. लांब सपाट भागात ढोबळ ठेवली. सुमनचं वजन वरून दिलं. चित्र आलं, आणि सगळी पट्टी निळी. भोकाच्या काठी जरासं हिरवं. या चित्राप्रमाणं ती पट्टी जन्मात मोडायला नको होती. आणि टेबलावर तिचे दोन तुकडे पडलेले.

साहेब आले. त्यांनी चित्र पाहिलं, तुकडे पाहिले. "जाळी ठीक आहे. लोखंडाचे गुणधर्म ठीक आहेत. मग ही बाई चालते कशी?"

"सर, वजन सरळ खाली दिलंय."

"तुमच्या ऑफिसच्या फरशीवर. डोंगरात फरशी आहे का?"

पुढच्या आठवड्यात रजा काढून मी चेलाडीला गाडी बदलून वेल्ह्याला गेले. खालच्या गावात सुमन वाट बघत होती. केंद्रानं दिलेलं तात्पुरतं कॅलिपर पायाला, हातात काठी. आम्ही दोघी वर निघालो. पायवाट डोंगराच्या कुशीला आडवी जात होती, एक बाजू उंच, एक बाजू खाली. मी धापा टाकत होते आणि ती मला पहिलीतल्या पोरांच्या गमती सांगत होती. वर गेल्यावर मी तिला म्हटलं, आता परत थोडी खाली उतर, मला बघायचंय.

मी खाली बसून तिच्या बुटाकडं बघत राहिले. डावा पाय तिला उचलून टाकावा लागायचा. तो बाहेरून झोका घेऊन यायचा आणि उतारावर आडवा पडायचा. सगळा तळवा कधी टेकतच नव्हता. बुटाची फक्त बाहेरची कड टेकायची, आणि त्या कडेवर अख्खं अंग यायचं. म्हणजे पट्टीवर सरळ वजन येतच नव्हतं. प्रत्येक पावलाला ती बाजूला वाकत होती आणि जराशी पिळवटत होती. दर पावलाला एकदा, रोज, येताना जाताना.

"किती जोरानं पाय पडतो ते मोजायला पाहिजे," मी म्हटलं.

शाळेत पोरांची वजनं घ्यायचा काटा होता. तो आणून उतारावर दगड रचून बसवला. पोरं गोल करून बसली, काट्याचा आकडा वाचायचं काम त्यांच्याकडं. सुमन नुसती उभी राहिली तेव्हा त्यांनी त्रेचाळीस वाचलं. मग ती वरच्या दगडावरून उतरून काट्यावर पाय टाकायला लागली.

"बाई, अठ्ठावन्न!"

"न्हाई रं, साठ! काटा लई पुढं गेला व्हता!"

"म्हंजी बाई उतरताना जाड हुत्यात," एक पोरगी गंभीरपणे म्हणाली, आणि सुमन काठीवर रेलून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

शनिवारी मी मशीनला नवीन गोष्ट सांगितली. वजन बुटाच्या कडेवर, वाढीव, आणि बरोबर थोडा पीळ. या वेळी चित्र आलं तेव्हा मी खुर्चीवरून उठले. घोट्याच्या वर, सगळ्यात खालच्या भोकाच्या काठावर, बरोबर चीर जिथून निघाली होती तिथं, लाल ठिपका. मग रशीदचाचांची जाड पट्टी आकृतीत घातली. भोक निळं झालं, आणि लाल सरकून जाड पट्टीच्या कडेला, वेल्डिंगपाशी गेलं. दुसरी मोडही जुळली. आयुष्यात त्यानंतर मी कितीतरी मोठी, महागडी चित्रं काढली. पण त्या दुपारसारखा आनंद फार थोड्या वेळा झाला.

आता उपाय. आकृतीत बदल करायचा आणि पुन्हा सोडवायला लावायचं, असे काही शनिवार गेले. भोकं घोट्यापाशी नकोत, वर पिंडरीच्या पट्ट्याजवळ न्यायची, तिथं चित्र निवांत होतं. पट्टी अखंड, खाली जरा रुंद आणि वर हळूहळू अरुंद. जाडीत किंवा रुंदीत एकदम बदल कुठंच नाही, कोपरे सगळे गोल घासलेले. आणि वेल्डिंग अजिबात नाही.

छापील चित्रं घेऊन मी भोरला आले. रशीदचाचांनी चष्मा लावला, चित्रं पाहिली आणि बाजूला ठेवली.

"रंग झ्याक हायेत. पर वसू, ही पट्टी म्या मारलेल्या पट्टीपेक्षा बारीक हाय. जाड मोडली अन् बारीक टिकंल? हे माझ्या हाताला पटत न्हाई."

मी करवतीचं एक पातं शेगड्यात, म्हणजे टेबलाला बसवलेल्या लोखंडी पकडीत, धरून वाकवलं. ते शेगड्याच्या जबड्याला लागून कटकन तुटलं. दुसऱ्या पात्याला जबड्यापाशी चामड्याचे तुकडे लावले, आत जास्त, बाहेर कमी कमी. आता ते कमानीसारखं वाकलं आणि तुटलं नाही. "जाड संपून एकदम बारीक सुरू झालं की सगळं वाकणं त्या रेघेवर येतं, चाचा. हळूहळू बारीक केलं की ते वाटून जातं."

चाचांनी मान हलवली, पण तेवढ्यानं ते ऐकणारे नव्हते. "करवतीचं पातं तुटलं तर दुसरं मिळतंय. ही पोरगी पडली तर? तू पुन्याला असशील. लोक मला इचारतील, आन् आदी मीच मला इचारीन. तुजं चितार खरं असंल, पर मला डोळ्यानं बघू दे."

मला राग आला नाही. खरं म्हणजे मलाही डोळ्यांनी बघायचं होतं. कंपनीत आम्ही हेच करत असू, चित्रावर विसंबून कुणी गाडी रस्त्यावर आणत नसे. मी कागदावर कल्पना काढली आणि चाचांनी ती लोखंडात उतरवली. घासायच्या दगडाची मोटर घेतली, तिच्या दांड्याला मध्य सोडून एक चाक बसवलं. मोटर फिरली की चाक एका दांडीला ढकलायचं आणि दांडी पट्टीला बाजूला वाकवायची, दर फेऱ्याला एकदा. किती वाकवायचं ते मी माझ्या आकड्यांवरून ठरवून दिलं. मग नवी पट्टी घडवायला चाचांनी भट्टी पेटवली. लाल लोखंड ऐरणीवर ठोकून ते असं उतरतं करत गेले, की सुरुवात कुठं आणि शेवट कुठं ते बोटाला कळू नये. मी आकृती काढली होती, पण ती पट्टी माझ्या आकृतीपेक्षा देखणी झाली.

रविवारी सकाळी आधी जुन्या पद्धतीची पट्टी लावली. शेजारचे दुकानदार, एस.टी.चे दोन कंडक्टर, चाचांची मुलगी, सगळे येऊन बघत उभे. सुमनही भावाला घेऊन आली होती. चहाचा दुसरा राऊंड व्हायच्या आत टक् करून पट्टी तुटली. चाचा वाकले. "भोकालाच!" ते म्हणाले आणि पहिल्यांदाच माझ्याकडं निराळ्या नजरेनं पाहिलं.

मग नवी लावली. चहा झाला, जेवणं झाली, बघे पांगले. मोटर घुरघुरत होती. दुपारी ती तापली म्हणून चाचांनी ओलं फडकं टाकून थोडा वेळ बंद ठेवली आणि परत सुरू केली. सुमनचा भाऊ पहिल्यांदा दारात उभा होता, मग बाकड्यावर बसला, मग स्वतःच फडकं ओलं करून आणायला लागला. संध्याकाळी चाचांनी मोटर बंद केली, पट्टी काढून उजेडाकडं धरली, अंगठा फिरवला.

"काय न्हाई," ते म्हणाले. "एक रेघ न्हाई." आणि सुमनच्या भावाकडं वळून, "काय रं, आता जाऊ दे तिला वर."

पट्टी बसवण्याआधी मी सुमनला पुण्याच्या केंद्रात घेऊन गेले. पाय डॉक्टरांच्या अखत्यारीतला, तिथं माझी जाळी चालत नाही. तिथल्या डॉक्टरांनी माप, सांधा, सगळं तपासलं आणि परवानगी दिली. चित्राची एक प्रतही मागून घेतली. डोंगराळ भागातल्या आणखी काही जणांना त्यांनी पुढं तशा पट्ट्या करून दिल्या. सगळ्यांना का नाही, हे मी विचारत राहायला हवं होतं असं आता वाटतं. माझ्या कामाची हीच एक हळहळ आहे. मी चित्रं काढून देत गेले, आणि त्यातल्या बहुतेक वस्तू कुणाच्या उपयोगी पडल्या, कशा पडल्या, ते मला कधी दिसलंच नाही.

सुमनचं तेवढं दिसलं. नवीन कॅलिपर घालून ती वाडीवर निघाली तेव्हा मी बरोबर होते. खालच्या गावात तिनं मला विचारलं, "वसू, खरं सांग. ही मोडणार नाही ना?"

"मोडेल कधीतरी," मी म्हटलं. "लोखंड आहे ते. रोज वाकतंय. पण आधी चीर पडेल, आणि चीर वाढायला वेळ लागेल. तेवढ्या वेळात ती तुला दिसली पाहिजे."

ती कशी बघायची हे चाचांनीच तिला शिकवलं होतं. पट्टीला रॉकेलचं बोट फिरवायचं, कोरड्या फडक्यानं पुसायचं, वर खडूची भुकटी चोळायची. चीर असली तर तिच्यात शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. रॉकेल स्टोव्हला असतंच, आणि खडूला शाळेत काय तोटा? सुमननं तो चौथीच्या पोरांचा सोमवारचा धडा करून टाकला. बाईंच्या पट्टीची तपासणी कुणी करायची यावरून वर्गात भांडणं व्हायची.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. त्या दोन चौथीतल्या पोरी खाली वेल्ह्याला हायस्कूलला गेल्या, त्यांच्यामागून आणखी गेल्या. रशीदचाचांच्या दाढीत काळा केस उरला नाही. दोन हजार सालानंतरचं ते एक वर्ष, मी आईकडं आले होते आणि चाचांच्या वर्कशॉपवर उगाच गप्पा मारत बसले होते. इतक्यात स्टँडकडून सुमन येताना दिसली. स्वतःच्या पायांनी, टक टक करत, काठी नुसती काखेत.

"काय गं, शाळा नाही?"

"आहे की. साडेतीनची गाडी धरून परत जायचंय." ती बाकड्यावर बसली आणि कॅलिपरचे पट्टे सोडवायला लागली. "चाचा, बघा बरं. काल पोरांना रेघ दिसली. मला नाही दिसत, पण ती ऐकेनात. म्हणाली, बाई, उद्याच भोरला जावा."

चाचांनी चष्मा पुसला. पट्टी उजेडात धरली, दूर धरली, जवळ धरली. "मला बी दिसत न्हाई." मग रॉकेलची बाटली काढली, पुसलं, खडू चोळला आणि आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. घोट्याच्या जरा वर, केसाएवढी, नखापेक्षाही लहान अशी काळी रेघ हळूहळू उमटली.

चाचांनी त्या रेघेवरून अंगठा फिरवला.

"लई टायमात धरलं पोरांनी," ते म्हणाले. "हितनं मोडायला अजून उन्हाळा-पावसाळा गेला असता."

मग भट्टी पेटवली. सुमननं मला सरकायला सांगितलं, पाय लांब करून निवांत बसली आणि म्हणाली, "चहा सांग गं. ह्या वेळी कुठं लागलं नाही, खरचटलं नाही. धड आलेय, धड जाणार आहे."